आखाजीचा रवा

तुमच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, मागच्या रांगेत, गेल्या दिवाळीत कुणीतरी दिलेला एक पुडा पडून आहे. तो तुम्ही स्वतः खाणार आहात का?

उत्तर मला देऊ नका. तुमचा नसला तरी तुमच्यासारख्या पुष्कळ घरांतला तो पुडा माझ्या हातातून गेला आहे. मागच्या बाजूला, चिकटवलेल्या घडीच्या आत, बारीक ठशात छापलेली तारीख मी वाचलेली आहे. ती वाचून पुढे मी काय केलं, ते इथे लिहायचं आहे. तुम्हाला बोल लावायचा अधिकार मला उरला आहे का, हे तुम्हीच ठरवा.

धुळ्याला देवपूर भागात आमच्या कॉलनीत एक कपाट आहे. जवळचं एक मेडिकल बंद झालं तेव्हा मालकाने काचेच्या दारांचं ते उंच कपाट देऊन टाकलं. त्याच्या फळ्यांवर अजून 'खोकला', 'पोटाचे विकार', 'बाळांसाठी' अशा चिठ्ठ्या आहेत, घासूनही निघत नाहीत. मी ज्यांच्याकडे वरची खोली भाड्याने घेऊन राहते त्या अक्कांच्या गाडीच्या शेडमध्ये ते उभं आहे. अक्का शाळेतून निवृत्त झाल्या, गाडी मुलगा पुण्याला घेऊन गेला आणि शेड रिकामी राहिली. त्या शेडमध्ये आम्ही लोकांनी दिलेलं धान्य, डाळी, पुडे ठेवतो. ज्याला लागेल त्याने न्यावं. नाव विचारायचं नाही, फोटो काढायचा नाही. हे नियम मी लिहिले. मोठ्या अक्षरात लिहून काचेवर चिकटवले, कारण अशा गोष्टी मोठ्या अक्षरात लिहायची मला लहानपणापासून सवय आहे.

मी सावद्याची. माझे वडील केळीच्या गाड्या भरणाऱ्या मजुरांच्या संघटनेचं काम करत आले. आमच्या घरी पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असत, गुलाबी आणि पिवळ्या स्वस्त कागदावरचे, बोटांना शाई लागणारे. मी अक्षरं त्यांवरच ओळखायला शिकले. 'मजुरी' हा शब्द मला 'मगर'च्या आधी लिहिता येत होता. वडील एक गोष्ट नेहमी सांगत, की एका पत्रकात एकच मागणी करावी, दोन केल्या की माणूस सोपी तेवढी पुरी करतो आणि घरी जातो. दुसरी गोष्ट ते सांगत नसत, करत. धरण्याच्या जागी पिठलं शिजायचं. वडील वाढायला उभे राहायचे आणि शेवटी त्याच पातेल्यात खाली लागलेलं खरवडून तिथेच बसून जेवायचे. घरून आईने डबा दिलेला असला तरी तो उघडायचे नाहीत.

मी आता धुळ्यात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. कपाटासाठी पहिलं पत्रक अर्थात मीच लिहिलं. त्यातल्या ओळी अशा होत्या: 'तुमच्या घरात जास्तीचं आहे. कुणाच्या घरात पुरेसं नाही. मधे फक्त एक कपाट आहे.' कॉलनीतल्या प्रत्येक फाटकात मी ते खोचून आले. या ओळींचा मला फार अभिमान होता. वडिलांना फोनवर वाचून दाखवल्या. ते म्हणाले, "जास्तीचं म्हणजे काय गं?" मला वाटलं, वय झालं, त्यांना कळलं नाही.

कॉलनीला मात्र बरोबर कळलं. दिवाळीनंतर लोकांनी घरातलं जास्तीचं आणून दिलं. ओट्स आले, जे कुणीतरी वजन कमी करायला आणून दोन सकाळी खाल्ले होते. कस्टर्ड पावडर आली, सूपची पाकिटं आली. कंपनीच्या गिफ्टबॉक्समधली सोनपापडी आली, या घरातून त्या घरात फिरून दमलेली. जाळी धरलेलं बेसन आलं. लोक गाडीवरून न उतरता पिशवी देत आणि चेहऱ्यावर असं समाधान असे की पिशवीत हात घालून बघणं मलाच असभ्य वाटे. पिशव्या आम्ही नंतर उघडत असू, रविवारी सकाळी.

निवडायला तिघं असायचो. मी, अक्का आणि एस.टी.तून निवृत्त झालेले शेजारचे नाना. ते पूर्वी कंडक्टर होते आणि पुड्यावरची तारीख भिंगातून वाचून अशी ओरडून सांगत, जणू पुढचा थांबा सांगताहेत. सावद्याहून मी केळीचे दोन प्लास्टिकचे क्रेट आणले होते. त्यांवर मार्करने एकावर 'चांगलं' आणि दुसऱ्यावर 'फेकायचं' असं लिहिलं होतं. तारीख उलटलेलं सगळं दुसऱ्यात. पहिल्याच रविवारी दुसरा क्रेट भरून वाहायला लागला आणि अक्का पदर खोचून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"एवढं सगळं फेकणार? अन्न आहे ते."

"तारीख गेलीये, अक्का."

"तारीख गेली म्हणून अन्न जातं का? माझ्या डब्यांवर लग्नाची तारीख कोरलीये. ते पण फेकू?"

"डबे राहू द्या," नाना भिंग पुसत म्हणाले. "पण मालकांची तारीख गेलीये असं परवा तुम्हीच म्हणत होता."

आतून, पेपरामागून, अक्कांचे मालक खाकरले. आम्ही हसलो. हसलो तेव्हाच मी थोडी सैल झाले असणार. अक्का पुढे म्हणाल्या ते खोटंही नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या घरात त्या तारखा बघत नाहीत. वास घेतात, चिमूट जिभेवर ठेवतात आणि ठरवतात. माझी आईही तेच करते. कोरड्या सामानावर 'या तारखेपर्यंत उत्तम' असं लिहिलेलं असतं, त्यापुढे एक दिवस गेला म्हणून त्याचं विष होत नाही, हे मलाही माहीत होतं. भांडून भांडून आम्ही मधला मार्ग काढला. मी सावद्याहून तिसरा क्रेट आणला आणि त्यावर लिहिलं, 'चालेल'.

आता मागे वळून बघते तेव्हा या शब्दाचीच लाज वाटते. आपल्या ताटातल्या कालच्या भाजीला आपण चालेल म्हणतो, तेव्हा ती आपल्यालाच खायची असते. आम्ही दुसऱ्याच्या ताटाकडे बघून म्हणत होतो. महिन्याभरात 'फेकायचं' क्रेट हलका झाला आणि 'चालेल' जड. कुणाला चालेल, हा प्रश्न तिघांपैकी एकानेही विचारला नाही. पत्रकं लिहिणारी मी होते. विचारायला मी हवं होतं.

मग रवा आला. बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानदाराने खोकंभर पुडे पाठवले. सोबत त्याचा पुतण्या होता, त्याने खोक्याशेजारी उभं राहून मोबाइलवर स्वतःचाच फोटो काढून घेतला. काचेवरचा नियम त्याच्या डोक्याच्या मागे नीट दिसत होता. मी काही बोलले नाही, कारण कपाट तेव्हा रिकामं होतं. संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर दुकानदाराचे आभार मानणारा मजकूरही मीच टाकला. त्यात 'दिलदार' असा शब्द वापरला.

रविवारी पुडे उघडले. नानांनी भिंग लावलं, पण थांबा ओरडून सांगितला नाही. नुसतं म्हणाले, "ही गाडी कधीच गेली."

तारीख मागच्या पावसाळ्यातली होती. रव्यात पोरकिडे होते, फार नाही, पण होते.

"टाकून द्यायचा," मी म्हणाले.

"आणि द्यायचं काय?" अक्का म्हणाल्या. "कापसाच्या जिनिंग बंद पडल्यात. बायका रोज विचारून जाताहेत. चाळू, भाजू. आपल्या घरातला रवा असता तर तू काय केलं असतंस?"

आपल्या घरातला असता तर चाळला असता, भाजला असता, खरंच. उन्हाळ्यात आमच्याकडे प्रत्येक घर हेच करतं. भाजलेल्या रव्याला कीड धरत नाही. त्या दुपारी अक्कांनी मोठी कढई शेडमध्येच गॅसवर चढवली. मी कात्रीने पुडे कापले. नानांनी पेपर अंथरला, मी चाळण हलवत बसले, आणि किडे पेपरावरच्या बातम्यांवरून चालत चालत बाहेर पडले. रवा तांबूस झाला तसा असा वास सुटला की रस्त्यावरून जाणारी पोरं आत डोकावून गेली. सणासारखं वाटत होतं. रिकामे पुडे गोळा करून मी कचऱ्याच्या डब्यात टाकले. तारखा पुड्यांबरोबर गेल्या. रवा बिनछापाच्या पांढऱ्या पिशव्यांत गेला, रबर लावून. 'पोटाचे विकार' लिहिलेल्या फळीवर आम्ही तो रचला, आणि नानांनी त्यावर एक विनोद केला, तो मी इथे लिहीत नाही.

आता मावशींबद्दल सांगते. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो, नाव कधी विचारलं नाही. सोनगीरच्या रस्त्याला शहर संपतं तिथल्या वस्तीत त्या राहतात. हिवाळाभर जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगाऱ्यावर काम करतात आणि जिनिंग बंद झालं की मिळेल ते. नवऱ्याची हमाली करता करता पाठ धरली, तेव्हापासून तो घरीच. कपाटाकडे येणाऱ्या बहुतेक बायका घाईने येत, पिशवी भरत आणि मान खाली घालून जात. मावशी तशा कधीच आल्या नाहीत. त्या आधी पाणी मागत, बसत, अक्कांच्या गुडघ्यांची चौकशी करत. आणि दर वेळी काहीतरी घेऊन येत, ओंजळभर बोरं, शेवग्याच्या दोन शेंगा, कधी नुसता कढीपत्त्याचा डहाळा. पहिल्यांदा मी म्हणाले होते, "मावशी, कशाला आणलंत?" तर त्या म्हणाल्या होत्या, "कोना घर रिकामा हाते जावानं नही, माय."

त्यांच्यासाठी आमचं कपाट म्हणजे एक घर होतं, हे मला तेव्हा गोड वाटलं होतं. एवढंच.

आखाजीच्या आधी त्या आल्या. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, अक्षय्य तृतीयेला आम्ही खानदेशात आखाजी म्हणतो आणि आमच्याकडे ती लेकींची. लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात, काम करत नाहीत. आईने त्यांच्यासाठी सांजोऱ्या करायच्या, रवा-गुळाचं सारण भरून तळलेल्या. आणि लेक परत निघाली की तिच्या सासरसाठी डबा बांधून द्यायचा. त्या डब्यावरून माहेर कसं आहे ते सासरी ठरतं. मावशींच्या मुलीचं लग्न त्याच हिवाळ्यात झालं होतं. सासर शिरपूरकडे, शेतीवाडीचं. ही तिची पहिली आखाजी.

"आंडेर येवानी शे," मावशी म्हणाल्या. आंडेर म्हणजे लेक. "गूळ शे घरमा. तेल बी लयनू. रवा व्हई का थोडा?"

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी अक्कांकडे. आमच्याकडे दुसरा रवा नव्हता.

"आहे ना," मी म्हणाले. "भाजलेलाच आहे. तुमचं काम वाचलं."

हे वाक्य माझं आहे. ते मी हसून म्हणाले.

पिशवीतून सांडेल म्हणून अक्कांनी आपला स्टीलचा डबा आणला, लग्नाची तारीख कोरलेला, आणि त्यात काठोकाठ रवा भरून दिला. मावशींनी मूठभर हातात घेऊन बघितला, म्हणाल्या, "बठ्ठा भुंजी दिधा," म्हणजे सगळा भाजून दिला, "कितलं करतस तुम्ही." आणि डबा छातीशी धरून गेल्या. त्या गेल्यावर नाना एवढंच म्हणाले, "भाजलाय चांगला." आम्ही दोघींनी माना डोलावल्या.

आखाजी झाली. ऊन इतकं चढलं की कपाटाच्या काचेला हात लावता येईना. एका रविवारी आम्ही तिघं शेडमध्ये क्रेट मधे घेऊन बसलो होतो तेव्हा मावशी आल्या. नवं लुगडं नव्हतं, पण धुऊन घडी मोडलेलं होतं. हातात अक्कांचा डबा होता. त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला आणि झाकण काढलं. आत सांजोऱ्या होत्या, एकावर एक, काठाला छान मुरड घातलेल्या.

"रिकामा डबा कसा देऊ?" त्या म्हणाल्या. "खा. तुमनाच रवा शे."

आम्ही तिघंही हललो नाही.

माझा हात उचलला गेला नाही, हे मी आजही दिवसातून कधीतरी आठवते, भाजी चिरताना, फळा पुसताना. मला पेपरावरून चालणारे किडे दिसत होते. अक्का म्हणाल्या, "मी आत्ताच जेवले बाई." नाना म्हणाले, "मला गोड मना आहे." मी म्हणाले, "ठेवा ना मावशी, नंतर खाते."

मावशींनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. त्या आयुष्यभर लोकांच्या घरी गेल्या आहेत. न खाण्याची कारणं त्यांना ओळखता येतात. आधी त्यांना वाटलं असावं ते वेगळंच होतं, कारण त्या हळूच म्हणाल्या, "मी हात धोईसन करेल शे."

मी नको ते ऐकत होते. त्यांना वाटत होतं की आम्हाला त्यांच्या हातचं चालत नाही. हे ज्या घरात मी वाढले त्या घरातल्या पोरीला ऐकावं लागलं, आणि कारण त्याहून घाणेरडं होतं.

"तसं नाही, मावशी," मी म्हणाले. "रवा जुना होता. तारीख उलटलेला. किडे होते, आम्ही चाळून भाजला."

मावशींनी कमरेच्या पिशवीतून साधा फोन काढला आणि मुलीला लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज नेहमी मोठा असतो. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"काय व, बरी शे ना? सांजोऱ्या खाद्यात का बठ्ठास्नी?"

पलीकडे भांड्यांचा आवाज होता. मुलगी हसली. "हा माय. सासू बोलनी, तुना माहेरना रवा म्हातारा शे का व? बठ्ठा हसनात. मी सांगं, आमनाकडे असाच खरपूस भुंजतस."

"मग?"

"मग काय. खाद्यात ना. तू काय करी ऱ्हायनी?"

"काही नही," मावशी म्हणाल्या. "सांजले लावसू." आणि फोन ठेवला.

त्या मुलीला मी कधी पाहिलेलं नाही. तिला नव्या घरात येऊन वर्ष झालं नव्हतं. चारचौघांत तिच्या माहेराची थट्टा झाली आणि तिने हसत खोटं सांगून आईची बाजू सावरली. आईने केलेल्या सांजोऱ्यांत खोट नव्हती. खोट आम्ही डब्यात भरून दिली होती, तीही भाजून, वास सुटेल अशी. पुढे ती थट्टा किती दिवस चालली, मला माहीत नाही. अशा थट्टा घराघरांत किती टिकतात ते तुम्हाला माहीत आहे.

"सांगी देतीस ना, माय," मावशी मला म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आम्ही घरमा खाई लेतू. तिना सासरे नही धाडतू."

मी पत्रकं लिहिते, सभेत बोलते, वर्गात मुलांना बोलायला शिकवते. तेव्हा मी 'हो' म्हणाले. फक्त 'हो'.

अक्का रडायला लागल्या. डबा पुढे ओढून म्हणाल्या, "राहू द्या त्या, मी टाकून देते." मावशींनी डब्यावर झाकण बसवलं.

"कसाले टाकतस? तेलगूळ घरनं शे. आमले चालस."

त्या म्हणाल्या आणि डबा उचलून निघाल्या. तिसरा क्रेट त्यांच्या पायाशीच होता. मार्करने लिहिलेली अक्षरं माझ्याकडे तोंड करून होती.

नंतर जे ऐकावं लागलं ते मी आधीपासून ओळखून होते. कॉलनीत ज्यांना ज्यांना कळलं ते म्हणाले, "पण कुणाला काही झालं नाही ना?" दुकानदार म्हणाला, "कुणाचं पोट दुखलं का? मग?" नाही दुखलं. कुणालाच काही झालं नाही. या वाक्यामागे आम्ही सगळे किती आरामात बसतो. गरिबाच्या पोटाला काही झालं नाही तर बाकी त्याला होण्यासारखं काही नसतंच, असं आम्ही धरून चालतो. मीही धरलं होतं, चाळण हलवताना. तारीख उलटलेलं खाणं हा मोठा गुन्हा नव्हता. मावशी तो रवा माहीत असूनही घेऊन गेल्या असत्या, घरात खाल्ला असता, त्या स्वतःच म्हणाल्या. काय खायचं आणि काय लेकीच्या सासरी पाठवायचं, हे ठरवायचं त्यांच्याकडे होतं. ते ठरवणं मी कात्रीने कापून कचऱ्यात टाकलं.

पुढच्या आठवड्यात मी ताज्या रव्याचे पुडे विकत घेतले आणि मावशींचं घर शोधत गेले. घरी जायचं तर रिकाम्या हाताने नको, एवढं मीही आता शिकले होते. त्या दारात तूर निवडत होत्या. मला बसायला गोणपाट दिलं, पाणी दिलं. मी पुडे पुढे केले आणि तारीख बोटाने दाखवली. दाखवताना मला माझ्या बोटाचीच लाज वाटली.

"आते कसाले?" त्या म्हणाल्या. "आखाजी व्हई गई."

"घरात ठेवा ना."

"तुना कपाटमा ठेव. कोनी आंडेर माहेरे येनार व्हई, तिनी मायले दे."

त्या आत गेल्या आणि अक्कांचा डबा घेऊन आल्या. राखेने घासून लख्ख केलेला, पुसलेला. माझ्या हातात दिला. मी झाकण उघडलं नाही, पण वजनावरून कळलं. डबा रिकामा होता.

दारातच कढीपत्त्याचं झाड होतं.

त्यानंतर त्या कपाटाकडे आलेल्या नाहीत. जिनिंग सुरू झाल्यावर एकदा बाजारात दिसल्या. मी हात केला, त्यांनीही केला, अक्कांचे गुडघे कसे आहेत विचारलं आणि गेल्या. माणूस म्हणून त्यांनी मला तोडलं नाही. घर म्हणून तोडलं.

शेडमध्ये आता दोन क्रेट आहेत. उघडलेला पुडा, तारीख खोडलेला पुडा, सुटं सामान आम्ही घेत नाही. तारीख जवळ आलेलं असेल तर नाना ती भिंगातून वाचून, येणाऱ्याला समोर बसवून सांगतात. काही जण घेतात, काही नाही घेत. दोन्ही ठीक आहे, ते त्यांचं आहे. दुकानदार आम्हाला ओळख देत नाही. कपाट पुष्कळदा अर्धं रिकामं असतं, आणि कुणी बाई रिकाम्या फळीकडे बघून परत जाते तेव्हा अक्का माझ्याकडे बघतात. रिकामी फळी निदान खोटं बोलत नाही, असं मी स्वतःला सांगते, पण ते त्या बाईला सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.

मधे सावद्याला गेले होते. वडिलांना सगळं सांगितलं. ते केळीच्या पानावर जेवत होते, ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "तुम्ही तिघांनी त्या रव्याचं काहीच करून खाल्लं नाही का?"

"नाही."

"मग तिथेच कळायला पाहिजे होतं."

एवढंच बोलले. मग ताक मागितलं.

परत आल्यावर मी नवं पत्रक लिहायला बसले. जुन्यातल्या तिन्ही ओळी काढून टाकल्या. 'जास्तीचं' हा शब्द काढला. आपल्या घरातलं जे उरतं ते कुणाला तरी द्यायला आपण तयार असतो, आणि त्याला देणं म्हणतो. मीच तुम्हाला तसं सांगितलं होतं. ते मागे घेते.

आता एकच मागणी आहे. या महिन्याचं किराणा सामान भरायला जाल तेव्हा एक पुडा वेगळा घ्या, तुमची लेक माहेरी येणार असती तर जो घेतला असता तसाच. आणि तो घरी नेऊ नका. तुमच्या फळीवर एक रात्रही ठेवू नका. दुकानातून निघून सरळ तुमच्या जवळच्या कपाटाकडे या आणि तो तिथे ठेवा, तारखेची बाजू पुढे करून.